शालिनीबाईंचा खड्डा

प्रताप नगरच्या थांब्यावर शालिनीबाई मकासरे बसमध्ये चढल्या की कंडक्टर आधी त्यांच्या हातातल्या डब्याकडं बघतो आणि मग त्यांच्याकडं. डबा स्टीलचा, दणकट, वर कडी असलेला. नवरा, गुलाबराव, रेल्वेत गार्ड होते तेव्हा त्यातून पोळीभाजी न्यायचे. आता त्यात जेवण नसतं.

"माताजी, आज कांई बणायो है?" कंडक्टर दर रविवारी न चुकता विचारतो.

"आज? दुधी का छिलका, चाय का चोथा और अंडे का टरफल," शालिनीबाई तितक्याच गंभीर चेहऱ्यानं सांगतात. "जेवता क्या?"

"थे ही जीमो सा!" तो हात जोडतो. तुम्हीच जेवा. पुढच्या सीटवरच्या बायका पदर नाकाला लावतात आणि मागची कॉलेजची पोरं खिदळतात. शालिनीबाई डबा मांडीवर घेऊन, त्यावर प्रार्थनेची पिशवी ठेवून, राणीसारख्या खिडकीत बसतात.

निम्मं आयुष्य जयपुरात गेलं, पण त्यांचं हिंदी काही नगरच्या बाजारातून बाहेर पडलं नाही. कुणी हसलं तर त्या म्हणतात, "मेरा हिंदी एकदम बरोबर है. सामनेवाला समझता है ना? फिर?" आणि सामनेवाला खरंच समजतो, कारण न समजला तर शालिनीबाई तेच वाक्य आणखी मोठ्या आवाजात म्हणतात.

घरी त्यांचा कारभार असा की गुलाबराव निवृत्त झाले तरी पाणी झालं नाही. तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुवायला आणि भाजी धुतलेलं गॅलरीतल्या गवती चहाला. पिण्याच्या पाण्याच्या मशीनमधून जी नळी मोरीत सुटते ती मोरीत सुटतच नाही, बादलीत सुटते, आणि त्या बादलीत फरशी पुसून होते. चादर फाटली की उशीचे अभ्रे, अभ्रे विरले की पुसणी, पुसणं विरलं की शालिनीबाई ते उजेडात धरून बघतात, अजून काही निघतंय का.

"अगं, त्या पाण्याला जरा दम खाऊ दे," गुलाबराव पेपरमागून म्हणतात. "रेल्वेतसुद्धा एवढी डबल ड्यूटी नव्हती."

"पाय वर घ्या. ओलं आहे."

सांगानेरला कापडावर ठसे मारून छपाई करणाऱ्यांकडं कातरणाची पोती पडून असतात. तिथून त्या कापडाचे तुकडे आणतात आणि पिशव्या शिवतात. त्यामुळं चर्चमधल्या निम्म्या बायकांच्या खांद्याला अर्धा मोर नाहीतर पाऊण हत्ती लटकत असतो. तुकडा जिथं संपला तिथं पिशवी संपली, मग हत्तीला सोंड असो नसो.

याला कुणी चिक्कूपणा म्हटलं तर मात्र शालिनीबाई कंबरेवर हात ठेवतात. त्यांचं एक ठरलेलं भाषण आहे. "प्रभूनं पाच भाकरींत हजारो माणसं जेवू घातली. बरोबर? पोटभर. मग शिष्यांना काय सांगितलं? तुकडे गोळा करा. आता मला सांगा, ज्याला भाकर वाढवता येते, त्याला तुकड्यांची काय पडली होती? पण गोळा करायला लावलेच ना! बारा टोपल्या!"

"त्या टोपल्यांचं पुढं काय झालं?" गुलाबराव हमखास विचारतात.

"तुमच्यासारखा कुणी विचारत बसला असेल, तोवर कुणीतरी खाल्लं असेल."

तर अशा बाईंनी चर्चमागं खड्डा खणला, यात नवल काही नाही. नवल एवढंच की तो तिथं राहील की बुजेल, यावर पुढं त्यांचा जीव टांगणीला लागला.

चर्च बनी पार्कच्या बाजूला. लहानसं, पिवळसर, पुढं दोन बोगनवेली आणि मागं एक जुना कडुनिंब. मंडळी सगळी हिंदी बोलणारी. मराठी घर म्हणावं तर हे मकासऱ्यांचंच. इथं कुणी गायनात, कुणी रविवारच्या शाळेत मुलं शिकवायला, कुणी आजाऱ्यांना भेटायला जाणारं. शालिनीबाई गायनात उभ्या राहिल्या तेव्हा पेटीवाल्यानं पेटी थांबवली. मुलांना शिकवायला गेल्या तेव्हा मुलं इतकी हसली की बायबलच्या गोष्टीतला योना माशाच्या पोटातून बाहेरच येईना. मग उरलं काय, तर लोणचं. वर्षानुवर्षं त्या मंडळीत 'अचारवाली आंटी' होत्या. लोणचं उत्तमच होतं, पण नुसतं लोणचं म्हणजे सेवा, हे काही त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

एका रविवारी उपासनेनंतर प्रीतिभोजन होतं, म्हणजे सगळ्यांनी घरून आणायचं आणि एका पंगतीत जेवायचं. उरलंसुरलं कुणीतरी प्लास्टिकच्या थैलीत कोंबलं आणि मागच्या भिंतीवरून पलीकडं फेकलं. शालिनीबाई हात धुवायला मागं गेल्या तर गल्लीत एक गाय भातासकट ती थैली चघळतेय. बाई चपला हातात घेऊन फाटकातून धावल्या. थैलीचं एक टोक गाईच्या तोंडात, दुसरं शालिनीबाईंच्या मुठीत. "सोड! सोड गं बाई! मर जाएगी!" गाईला दोन्ही भाषा कळल्या नाहीत, पण शेवटी ती कंटाळली. शालिनीबाई लाळेनं भरलेली थैली घेऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "मेरे को इधर एक खड्डा मंगता."

चौकीदार किशननं कुदळ मारली, पडक्या भिंतीच्या विटा कडेनं लावल्या, वर जुन्या दाराची फळी. खर्च म्हणाल तर किशनला एक चहा. सालं, चहाचा चोथा, ताटांतलं उरलेलं असं सगळं ओलं टाकायचं आणि त्यावर सुका पाला. पुन्हा ओलं, पुन्हा सुकं. शालिनीबाई येणाऱ्याजाणाऱ्याला फळी उचलून दाखवायच्या. "देखो, एक महिने में सब मिट्टी. जो डालो वो मिट्टी!"

"मिसेस मकासरे," लाजरस साहेब म्हणाले.

लाजरस साहेब चर्चच्या समितीचे सचिव. वीज खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, रविवारी उन्हाळ्यातही कोट. बोलायच्या आधी ते चष्मा काढतात, पुसतात, घालतात, आणि मग जे वाक्य येतं ते फायलीवर सही झाल्यासारखं येतं.

"आय ॲम नॉट अगेन्स्ट नेचर. नेचर इज व्हेरी गुड. बट चर्च के पीछे सड़ा हुआ खाना... व्हॉट इज द सिस्टिम?"

"सिस्टिम ये है साहेब, की ऊपर से छिलका डालो, नीचे से मिट्टी निकालो."

"दॅट इज नॉट अ सिस्टिम. दॅट इज अ होप."

पाद्री दर्शन मसीह बिचारे तरुण, नव्यानंच बदलून आलेले. एकाला हो म्हणावं तर दुसरा रुसतो, हे त्यांना आल्या आठवड्यातच कळलं होतं. त्यांनी वेदीपाशी उभं राहून, घोषणांच्या खास लांबलचक सुरात सांगितलं, "प्रिऽय भाइयो और बहनो, आंटी का खड्डा उपवासकाल तक रहेगा. राख बुधवार के पहले इतवार को समिती जाकर देखेगी. बदबू हुई, तो भर देंगे. नहीं हुई, तो परमेश्वर की स्तुती हो!"

"आमेन," शालिनीबाई सगळ्यांत आधी म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांच्या प्रार्थनेत मुलगा, सून, नातवंडं, गुलाबरावांचे गुडघे आणि खड्डा, अशी ओळ लागली. गुलाबराव चिडवायचे, पण त्यांनाही माहीत होतं. लोणच्याखेरीज या मंडळीत बायकोचं स्वतःचं म्हणावं असं पहिल्यांदाच काहीतरी होतं.

जानेवारीत नगरला भाच्याचं लग्न निघालं. जाताना शालिनीबाईंनी किशनला गाठलं. "मैं नहीं तब सुका पाला जमा करके बोरी में भरना, हां? सुका. गीला नहीं. गीला आया तो तेरे को देखती."

"हां माताजी, बेफिकर जाओ सा."

लग्न झालं, हळदी झाल्या, मावशीच्या घरी राहणं झालं. परतल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारची बस धरून त्या चर्चला आल्या. फळी उचलली आणि पदर नाकाला गेला. नव्या वर्षाच्या जेवणातली अख्खी डाळ कुणीतरी पातेल्यानं ओतली होती. त्यावर भात, त्यावर कोबी, सुकं काहीच नाही. सगळा नुसता गिच्च काला. आणि वास असा की कडुनिंबावरचा कावळासुद्धा तोंड फिरवून बसला होता. किशनचा पत्ता नाही. तो बहिणीच्या लग्नाला गावी गेलेला. कडुनिंब अजून हिरवागार, त्याची पानगळ लांब.

शालिनीबाई तिथंच उभ्या राहिल्या आणि डोळे मिटले. "प्रभू, मला सुका पाला दे. जास्त मागत नाही. एक पोतंभर दे."

डोळे उघडले, फावडं आणायला पलीकडच्या कोठीत गेल्या, तर दाराआड एक पोतं. तोंड सुतळीनं बांधलेलं. दाबून बघितलं तर आत कडकडीत वाळलेली पाती.

त्यांनी वर बघितलं. कोठीचं छत पत्र्याचं होतं, पण त्यांना त्याच्या पलीकडचं दिसत होतं.

"पोतंभरच म्हणाले होते बरं का," त्या पुटपुटल्या, "आणि पोतंभरच!" म्हणजे किशननं शब्द पाळला. लांब लांब पाती होती, खजुराची. खरं तर अशी चिवट पाती कात्रीनं बारीक करून टाकावीत, हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण ऊन उतरत होतं, वास वाढत होता आणि घरची बस चुकवायची नव्हती. त्यांनी पोतं उलटं केलं, फावड्यानं सगळं वरखाली कालवलं, वर माती पसरली, फळी ठेवली. दोनतीनदा मधल्या वारी येऊन पुन्हा कालवलं. वास गेला.

बायकांच्या प्रार्थनासभेत त्यांनी साक्षसुद्धा दिली. "मैंने मांगा और प्रभू ने बोरी भरके पाला दिया!" सगळ्या बायका एका सुरात "हालेलुया!" म्हणाल्या. पाद्रीसाहेबांची बायको तर दोनदा म्हणाली.

आणि तो रविवार आला. उपासना झाली, चहा झाला, समिती मागं निघाली. शालिनीबाई कप हातात तसाच धरून पुढं. लाजरस साहेबांनी रुमाल नाकाला लावला, वाकले. रुमाल काढला. पुन्हा वाकले. आणखी थोडे. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी निराशाच दिसली.

"नो स्मेल," ते म्हणाले. चष्मा काढला, पुसला, घातला. "आय मस्ट से... नो स्मेल."

"तो फिर स्तुती हो!" पाद्रीसाहेब खुलले. "समिती का निर्णय अभी कर लेते हैं. और हां, किशन भैया, वो खजूरवाली बोरी निकालो, आज ही जला लें."

किशन कोठीत गेला. बाहेर आला. पुन्हा गेला. "साब, बोरी कोनी." पोतं नाहीच.

शालिनीबाईंनी ओठाशी नेलेला कप खाली घेतला.

झालं होतं ते असं. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमध्ये सगळ्यांच्या हातात खजुराची पाती देतात. ती पाती लोक घरी नेतात, वर्षभर जपतात. काही चर्चांत तीच पाती पुढच्या वर्षी गोळा करून जाळतात आणि राखेच्या बुधवारी त्या राखेनं कपाळावर क्रूस काढतात. तिथून उपवासकाळ सुरू. शालिनीबाईंच्या नगरच्या मिशनच्या चर्चमध्ये ही रीत नव्हती, आणि इथल्या आधीच्या पाद्रींनीही नुसती प्रार्थना करून बुधवार भागवला होता. नव्या पाद्रींनी जानेवारीत घोषणा केली की जुनी पाती आणून द्या, कोठीत पोतं ठेवलंय. तेव्हा शालिनीबाई नगरला भाच्याच्या हळदीत नाचत होत्या.

"कोनी मतलब?" लाजरस साहेब किशनकडं वळले. आता निराशेला वाट मिळाली होती. "कहां गई? चूल्हे में डाल दी? चाय बनाने के लिए?"

"म्हारी मां की सौगन साब, म्हैं तो हाथ ही कोनी लगायो..."

"देअर इज नो रिस्पॉन्सिबिलिटी! दिस इज द प्रॉब्लेम!"

गुलाबराव शालिनीबाईंच्या कानाशी आले. निवृत्त गार्ड, गाडी घसरणार हे त्यांना आधी कळतं. "ते पोतं तेच का गं?"

"तेच."

"आत्ता बोलू नकोस. आधी खड्ड्याचं होऊ दे, मग सावकाश पाद्रीसाहेबांना एकट्याला सांग."

सल्ला वाईट नव्हता. एक मिनिट गप्प बसलं तर खड्डा कायमचा. शालिनीबाईंनी कपात बघितलं. मग किशनकडं बघितलं. तो अजून आईची शपथ घेत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"साहेब, उसको मत बोलो," त्या म्हणाल्या. "बोरी मैंने ली. मैंने खड्डे में डाली."

मागून पाद्रीसाहेबांच्या बायकोचा बारीक आवाज आला, "वो... हालेलुया वाली बोरी?"

"वही."

कुणीतरी फिस्कन हसलं आणि लगेच खोकलं. पाद्रीसाहेब चटकन म्हणाले, "कोई बात नहीं आंटी, राख ही तो चाहिए, दूसरे पत्ते..."

पण लाजरस साहेब ओरडले नाहीत. सगळे वाट बघत होते, आणि ते ओरडलेच नाहीत. ते कोठीच्या पायरीवर बसले. कोटासकट, धुळीत. चष्मा काढला आणि पुसलाच नाही, नुसता हातात धरला.

"उसमें एस्तर का क्रॉस था," ते म्हणाले.

त्यांचं इंग्रजी कुठं गेलं कुणास ठाऊक. एस्तर त्यांची बायको, गेल्या पावसाळ्यात गेली. गेल्या झावळ्यांच्या रविवारी ती इथंच पहिल्या बाकावर बसली होती आणि हातातल्या पातीचा तिनं क्रूस वळला होता. पाती सारखी उलगडायची, म्हणून तिनं साडीच्या काठाचा लाल दोरा ओढून त्याला बांधला. तो क्रूस वर्षभर घड्याळामागं होता. "पाद्री साहब ने कहा, सब लाओ. मैंने सोचा, वो होती तो देती. तो मैंने भी दे दिया."

शालिनीबाईंनी कप विटांवर ठेवला. पदर कमरेला खोचला.

"फावडा लाओ," त्या किशनला म्हणाल्या. "नहीं, फावडा नको, टूटेगा. हात से निकालती."

"अब क्या निकलेगा?" लाजरस साहेब म्हणाले. "आपने ही कहा था. एक महिने में मिट्टी. जो डालो वो मिट्टी."

कहा था. शंभर लोकांना फळी उचलून दाखवत कहा था. शालिनीबाई गुडघ्यांवर बसल्या, आणि आजवर जिच्यासाठी देवाला साकडं घातलं होतं त्याच गोष्टीच्या विरुद्ध त्यांनी प्रार्थना केली. प्रभू, माझं खत बिघडलेलं असू दे. माझी बढाई खोटी पडू दे. या एका वेळेपुरती.

त्यांनी हात घातला. वरची माती बाजूला केली, खाली काळसर, भुसभुशीत, कोमट. डाळ नव्हती. भात नव्हता. दुधीची सालं, कोबी, चहा, काही म्हणजे काही ओळखू येत नव्हतं. एरवी त्या नाचल्या असत्या. आता त्यांनी हात आणखी खोल घातला. गुलाबराव पँट दुमडून पलीकडून बसले. "सावकाश, सावकाश. सिग्नल मिळाल्याशिवाय ओढायचं नाही."

मग बोटाला काहीतरी चिवट लागलं. शालिनीबाईंनी ओढलं. लांब, तपकिरी, चिखलानं माखलेली, पण अख्खी पाती. धुतली असती तर पुन्हा हातात घेऊन मिरवणुकीत चालता आलं असतं.

"अय्या!" त्या ओरडल्या. "नहीं सडी! देखो, नहीं सडी!" आपलं खत न सडल्याबद्दल एवढा आनंद झालेली बाई जयपुरात दुसरी झाली नसेल.

मग एकेक निघायला लागली. किशन बसला, पाद्रीसाहेब बाह्या सरसावून बसले, हालेलुयावाल्या बायका हत्तीमोरांच्या पिशव्या भिंतीला टेकवून बसल्या. कोपऱ्यात शालिनीबाईंच्या बोटांना पातीची गुंडाळी लागली. मध्ये गाठ. त्यांनी ती धरली, आणि सोडली. हात बाहेर काढला.

"साहेब," त्या म्हणाल्या, "इधर आप हात डालो."

लाजरस साहेबांनी कोट काढला. तो कोट काढलेला मंडळीतल्या कुणीच कधी पाहिला नव्हता. आत शर्टाला एक बटण कमी होतं. ते गुडघ्यांवर बसले, मनगटापर्यंत हात मातीत घातला आणि थांबले. बराच वेळ त्यांनी हात बाहेर काढलाच नाही. कुणी घाई केली नाही. मग मूठ वर आली. क्रूस काळा पडला होता, दोऱ्याचा लाल रंग उतरून विटकरी झाला होता, पण गाठ होती तशी होती.

"एस्तर की गांठ," ते म्हणाले. "कभी नहीं खुलती थी. टिफिन की भी नहीं."

यावर हसावं की रडावं कुणाला कळेना, तेव्हा ते स्वतःच थोडे हसले. मग चष्मा घातला आणि पातीचा ढीग निरखला.

"बट मिसेस मकासरे, ये गला क्यों नहीं?"

"काटा नहीं ना साहेब. बारीक काटना मंगता था. मैंने आळस किया."

"सो देअर वॉज नो सिस्टिम."

"नहीं था साहेब," शालिनीबाई म्हणाल्या. "होप ही था."

पाती बादलीत धुतली, चर्चच्या कठड्यावर पसरली. फेब्रुवारीचं जयपूरचं ऊन. बुधवारपर्यंत कडक वाळली. बुधवारी संध्याकाळी पाद्रीसाहेबांनी लोखंडी कढईत मूठभर पाती पेटवली. लाजरस साहेब खिशात हात घालून उभे होते. पाद्री हळूच म्हणाले, "आप वो रख लीजिए, अंकल." साहेबांनी नकारार्थी मान हलवली. दोरा सोडवायला त्यांना बराच वेळ लागला. तो त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवला आणि क्रूस आपल्या हातानं कढईत ठेवला.

रांग लागली. शालिनीबाई शेवटून दुसऱ्या, गुलाबराव शेवटचे. "आपल्यात नाही गं असं," गुलाबराव कुजबुजले. "नगरच्यांना कळलं तर?"

"नगरच्यांना मी सांगेन. तुम्ही पुढं व्हा."

पाद्रीसाहेब प्रत्येकाच्या कपाळाला बोट लावताना आठवण देत होते की माणूस मातीचा आणि जाणार मातीतच. हे शब्द शालिनीबाईंनी लहानपणापासून मयताच्या वेळी ऐकले होते आणि दर वेळी मान खाली घातली होती. आज नाही घातली. त्यांच्या नखांत अजून काळं होतं. माती म्हणजे काय असते ते त्यांनी गेल्या रविवारी मनगटापर्यंत बघितलं होतं. कोमट असते, भुसभुशीत असते, वाईट नसते. राख कपाळाला लागली तेव्हा त्या एवढ्या मोठ्यानं "आमेन" म्हणाल्या की पेटीवाला दचकला.

नंतर समिती बसली, सगळ्यांच्या कपाळावर काळा क्रूस, हातात चहा. लाजरस साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"खड्डा रहेगा," ते म्हणाले. "विथ कंडिशन्स. वन, कोठी में जो भी बोरी रखी जाएगी, उस पर लिखा जाएगा कि किसकी है. टू, सूखा माल बिना काटे नहीं जाएगा. थ्री, इसका एक इन्चार्ज होगा."

"कौन?" पाद्रीसाहेबांनी विचारलं.

"ऑब्व्हियसली, मी," लाजरस साहेब म्हणाले. म्हणजे त्यांनी 'मैं' म्हटलं. पण गुलाबराव घरी येऊन नक्कल करताना 'मी'च म्हणतात आणि पुढं छाती फुगवून दाखवतात.

शनिवारी दुपारी शालिनीबाई चर्चला पोचल्या तेव्हा इन्चार्ज आधीच पायरीवर बसले होते. कोट नव्हता. शेजारी उरलेल्या पातीचा ढीग आणि घरून आणलेली एस्तरची शिवणाची मोठी कात्री. शालिनीबाईंनी पिशवीतून आपली कात्री काढली आणि पलीकडच्या टोकाला बसल्या.

"इतना?" साहेबांनी एक तुकडा कापून दाखवला.

"और बारीक."

"इतना?"

"साहेब, ये खड्डे को देना है, ऑफिस में फाइल नहीं करना. और बारीक."

त्यांनी आणखी बारीक केला. मग कापता कापता आपणहून सांगायला लागले, की एस्तरला भाजी चिरायला बसवलं की ती अशी जाड जाड चिरायची, भेंडी तर अख्खीच, आणि वर म्हणायची की दात कशाला दिलेत देवानं.

"फिर आप क्या बोलते?"

"मैं क्या बोलता. खाता था."

"हाथ चलाओ साहेब," शालिनीबाई म्हणाल्या, "बोलते बोलते."